मुलाखतीत नेमकं काय कळतं?



नोकरीच्या मुलाखतीची तयारी हा विषय या व्याख्यानमालेत कसा काय आला, असं काहींना वाटलं असेल. पुण्यात सदाशिव पेठेपासून नवी पेठेपर्यंत त्यासाठी मार्गदर्शन केंद्रं आहेत, अभ्यासिका आहेत, मॉक इंटरव्ह्यू आहेत. खुर्चीत कसं बसावं, हात कुठे ठेवावेत, टाय कुठल्या रंगाचा घालावा, हे सांगणारे व्हिडिओ तर विचारू नका. त्यात आपण आणखी काय भर घालणार?

आपण एवढंच करणार आहोत, की मुलाखत या गोष्टीचा इतिहास थोडा उलगडून पाहायचा आणि त्याला एक प्रश्न विचारायचा. समोरासमोर बसून वीस-पंचवीस मिनिटं बोलल्यावर एका माणसाला दुसऱ्याबद्दल काय कळू शकतं, आणि काय कळू शकत नाही? आपल्या दर्शनांच्या भाषेत हा प्रमाणाचा प्रश्न आहे. डोळ्यांना रंग कळतो, वास कळत नाही. तसं मुलाखत या साधनाला काय कळतं? हे नीट समजलं, की तयारी कशाची करायची तेही समजतं. आणि तयारी फक्त उमेदवाराने करायची नसते, हेही समजतं.

आधी शब्द पाहू. 'मुलाखत' आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ नुसती भेट. त्यात पास-नापास काही नाही. दोघं भेटतात, बस. 'परीक्षा' या संस्कृत शब्दात मात्र 'परि' आहे आणि 'ईक्ष्' आहे, म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. नोकरीची मुलाखत ही नावाने भेट आणि कामाने परीक्षा. सगळी अडचण इथेच सुरू होते. एका बाजूने बसून चहूबाजूंनी पाहायचं कसं?

आपल्या परंपरेतली एक फार जुनी मुलाखत छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे. सत्यकाम नावाच्या मुलाला शिकायचं आहे. तो आईला, जबालेला, विचारतो, माझं गोत्र कोणतं? ती सांगते, तरुणपणी मी अनेकांच्या घरी राबत होते, तेव्हा तू झालास. गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असं सांग. मुलगा हारिद्रुमत गौतमांकडे जातो. गौतम पहिला प्रश्न विचारतात तो हाच: बाळा, तुझं गोत्र कोणतं? मुलगा आईने सांगितलेलं जसंच्या तसं सांगतो. गौतम म्हणतात, असं बोलणं ब्राह्मणेतराला जमणार नाही. समिधा घेऊन ये, तू सत्यापासून ढळला नाहीस.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि मुलाचं कौतुक करून थांबतो. थोडं थांबून प्रश्न पाहू या. गुरूला जाणून घ्यायचं होतं की हा मुलगा शिकायला योग्य आहे का. त्याने विचारलं मात्र, तू कोणाचा? म्हणजे पात्रता तपासायची होती आणि कूळ विचारलं. आणि उत्तर आवडल्यावरसुद्धा निष्कर्ष पुन्हा वर्णाच्याच शब्दांत मांडला. गौतमांनी खरेपणावरून वर्ण ठरवला, की खरेपणावरून त्याच्या जन्माचं अनुमान केलं? यावर बराच वाद आहे. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात तर हाच प्रसंग, शिकवण्याआधी विद्यार्थी शूद्र नाही याची खात्री करून घेतली जाई, असं दाखवायला वापरला आहे. कथा एकच, पण तिच्यातून दरवाजा उघडताही येतो आणि लावूनही घेता येतो.

पुढचा भाग मात्र आपण सहसा सांगत नाही. गौतम त्याला लगेच शिकवायला बसत नाहीत. चारशे रोडावलेल्या गायी त्याच्या स्वाधीन करतात. तो म्हणतो, यांच्या हजार झाल्याशिवाय परत येणार नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलाखत दोन वाक्यांची आणि प्रोबेशन कित्येक वर्षांचं! गायींचा कळप वाढवता येतो की नाही, हे काही गोत्र विचारून कळणार नव्हतं.

आता दुसरा ग्रंथ, कौटिल्याचं अर्थशास्त्र. अमात्य कसा निवडावा याची चर्चा पहिल्याच अधिकरणात आहे. कौटिल्य एका मुलाखतीवर अजिबात विसंबत नाही. कुठला गुण कुठून तपासायचा याची तो चक्क वाटणी करतो. उमेदवाराचा मुलूख, कूळ, संयम हे विश्वासू माणसांकडून विचारून घ्यावं. विद्या आणि कसब हे त्याच विद्येतल्या जाणकारांकडून तपासावं. बुद्धी, चिकाटी आणि दक्षता ही त्याने हाती घेतलेल्या कामांतून पाहावी. शील, आरोग्य, धीर हे त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना विचारावं. संकटात तो कसा वागतो ते संकटातच दिसतं. मग समोर बसवून बोलण्यातून काय तपासायचं? तर वक्तृत्व, धीटपणा आणि प्रसंगावधान. बस, एवढंच!

मंडळी, हे वाक्य आज निवड समितीच्या खोलीत टांगायला हवं. बोलण्यातून बोलणं कळतं. धीटपणा कळतो, हजरजबाबीपणा कळतो. प्रामाणिकपणा, चिकाटी, चार लोकांबरोबर निभावून नेणं, या गोष्टी त्या खोलीत दिसत नाहीत. त्याच ठिकाणी कौटिल्य सांगतो की राजाला काही गोष्टी स्वतः पाहून कळतात, काही दुसऱ्यांनी सांगितल्यावर, आणि काही अनुमानाने. झालेल्या कामावरून न झालेल्या कामाचा अंदाज बांधणं हे अनुमान. कौटिल्य कुळाची चौकशी करत होता, आणि त्याच्या काळातल्या समाजरचनेत ते बसत होतं. त्याला आधुनिक करायचं कारण नाही. पण चांगलं बोलणारा तो चांगलं काम करणारा, ही उडी त्याने मारली नाही. आपण मात्र ती रोज मारतो.

हाच पेच आपल्या शेजारी, चीनमध्ये, वेगळ्या रीतीने दिसतो. सरकारी नोकरीसाठी लेखी परीक्षा हा चीनचा जगाला दिलेला वारसा. तिथली ही पद्धत १९०५ साली बंद झाली. तांग घराण्याच्या काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालं तरी पद लगेच मिळत नसे. नेमणुकीच्या वेळी चार गोष्टी पाहत: शरीर, बोलणं, हस्ताक्षर आणि न्यायनिर्णय. शरीर म्हणजे भारदस्त, देखणी चण. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खात्यापित्या घरातल्या मुलाला जन्मतःच अर्ध्या मिळालेल्या असतात, हे सांगायला नको. पुढे सोंग घराण्याच्या काळात बरोबर उलट्या दिशेची काळजी घेतली गेली. उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायचं. तेवढ्यानेही भागेना, कारण परीक्षक अक्षर ओळखत. म्हणून कारकून बसवून प्रत्येक उत्तरपत्रिका नव्याने लिहून काढायची आणि ती नक्कल तपासायला द्यायची.

पाहा, एकाच देशाने दोन्ही टोकं अनुभवली. एकदा म्हटलं, माणूस डोळ्यांनी पाहू या. पुन्हा म्हटलं, नको, माणूस पूर्ण झाकू या. मुलाखतीचा सगळा इतिहास या दोन टोकांमधला हेलकावा आहे.

आता इंग्रजांच्या काळात येऊ, कारण आपल्या आजच्या पद्धतीची मुळं तिथे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत शिरायचं तर कंपनीच्या संचालकाची शिफारस लागे. शिफारस मिळालेली मुलं १८०६ पासून हेलीबरीच्या कॉलेजात शिकून इकडे येत. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच, तू कोणाचा? १८५३ च्या सनदी कायद्याने शिफारशीचा हक्क गेला. १८५४ मध्ये मेकॉलेच्या समितीने अहवाल दिला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. खुली म्हणजे किती खुली? समितीने सुचवलेल्या गुणांत ग्रीकला ७५० आणि लॅटिनला ७५० होते, संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. परीक्षा लंडनला, म्हणजे बोटीचं भाडं वेगळं. अशा परिस्थितीत १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, त्या सेवेत शिरणारे पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याला ते न्यायाधीश होते. १९२२ पासून ही परीक्षा भारतातही होऊ लागली.

लेखी परीक्षेतही घर डोकावत होतंच, पण निदान उत्तर कागदावर राहत होतं. मग १९१७ साली इंग्लंडमध्ये स्टॅन्ली लीद्स यांच्या समितीने सुचवलं, की वरिष्ठ मुलकी सेवेच्या परीक्षेत ३०० गुणांची तोंडी परीक्षा असावी. ती अभ्यासाच्या विषयांवर नको, सर्वसाधारण विषयांवर गप्पा माराव्यात, आणि त्यातून उमेदवाराची तरतरी, बुद्धी आणि दृष्टी पाहावी. आज आपण जिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो, तिचं हे जवळचं पूर्वरूप. हेतू वाईट नव्हता. पुस्तकी किडा निवडला जाऊ नये, हाच हेतू. पण सर्वसाधारण विषयांवर साहेबांशी सहज गप्पा मारणं कोणाला सहज जाणार? ज्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर तशा गप्पा चालतात त्याला. गोत्र थेट विचारलं नाही, तरी उच्चारातून, बसण्यातून, विनोदावर वेळेत हसण्यातून ते कळू लागलं.

इथे आपण जरा बडोद्याला जाऊ. सयाजीराव गायकवाडांनी माणसं फार चांगली हेरली, आणि त्यांच्या दोन भेटी आपल्या विषयाला अगदी नेमक्या लागू पडतात.

पहिली भेट लंडनमधली. अरविंद घोष १८९० साली आयसीएसची लेखी स्पर्धा पार झाले होते. त्यांचं ग्रीक-लॅटिन उत्तम. पुढे १८९२ मध्ये घोडेस्वारीच्या चाचणीत ते अडले आणि नोकरी गेली. आता घोडेस्वारी हा खुळचट हट्ट नव्हता. जिल्ह्याचा साहेब तेव्हा घोड्यावरून फिरतीला जाई, त्यामुळे ती कामाशी जोडलेली चाचणी होती. अरविंदांनाच ती नोकरी नको होती आणि त्यांनी चाचणी मुद्दाम टाळली, असंही सांगितलं जातं. सयाजीराव तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी या तरुणाला भेटून महिना दोनशे रुपयांवर बडोद्याच्या नोकरीत घेतलं. १८९३ च्या सुरुवातीला अरविंद बडोद्याला रुजू झाले, आधी सर्व्हे-सेटलमेंट, महसूल अशा खात्यांत आणि नंतर बडोदा कॉलेजात. जी चाचणी जिल्ह्याच्या साहेबासाठी योग्य होती ती प्राध्यापकासाठी निरर्थक होती. काम कोणतं हे ठरल्याशिवाय चाचणी बरी की वाईट ते ठरत नाही.

दुसरी भेट मुंबईतली, १९१३ सालची. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतलेले भीमराव आंबेडकर महाराजांना भेटतात. परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघतो. महाराजांनी काय विचारलं, हे चरित्रांतून आपल्याला माहीत आहे: कोणता विषय शिकणार, आणि त्याचं काय करणार? समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विशेषतः सार्वजनिक वित्त; आणि त्यातून आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग सापडतील, असा उत्तराचा आशय. पुढे बडोद्यात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार झाला आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले.

हा प्रश्न कौटिल्याच्या कसोटीवर लावून पाहा. तू कोणाचा, हा प्रश्न नाही. ते महाराजांना माहीतच होतं. तू काय करणार आहेस आणि का, हा प्रश्न आहे. समोर बसून विचारता येईल आणि समोर बसून ज्याचं उत्तर पारखता येईल, असा. उत्तरात विषयाचं नाव आहे, कारण आहे आणि उपयोग आहे. चांगली मुलाखत याहून फार वेगळी नसते.

पण इतिहास इथे थांबत नाही. १९१७ मध्ये करारानुसार आंबेडकर बडोद्याला नोकरीवर हजर झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात आपली ओळख लपवून राहावं लागलं आणि ती कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने तिथून निघायला लावलं. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं. एका जाणत्या राजाने योग्य प्रश्न विचारून योग्य माणूस निवडला होता, पण शहराची आणि कचेरीची काहीच तयारी झालेली नव्हती. मुलाखतीच्या तयारीबद्दल बोलताना ही बाजू आपण जवळजवळ नेहमी विसरतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १६ ने सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क दिला, आणि मुलाखतीचा वाद कोर्टात पोचला. १९८० चा अजय हासिया खटला घ्या. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी १०० गुणांची लेखी आणि ५० गुणांची तोंडी परीक्षा होती. विद्यार्थ्यांचं म्हणणं असं, की मुलाखत सरासरी दोन-तीन मिनिटं चालली आणि त्यात विचारलं काय? वडील कोण आणि राहता कुठे! मंडळी, छांदोग्यातला प्रश्न. मधे दोन-अडीच हजार वर्षं गेली आणि प्रश्न तोच. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं, की एकूण गुणांच्या तेहतीस टक्के मुलाखतीला देणं मनमानी आहे, अशा प्रवेशांत पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये. मुलाखती टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित कराव्यात, अशीही सूचना त्यांनी केली.

दुसरी बाजूही ऐकू. पुढच्याच वर्षी लीला धर खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी भेद दाखवला. शाळा-कॉलेजच्या प्रवेशातली मुलं अजून घडत असतात. पण प्रौढ माणूस मोठ्या जबाबदारीच्या पदावर घेताना त्याच्याशी बोलून पाहण्याला जास्त वजन देणं चुकीचं नाही. राजस्थानच्या न्यायिक सेवेतले पंचवीस टक्के त्यांनी मान्य केले. मग १९८५ मध्ये अशोक कुमार यादव खटला, हरियाणाच्या लोकसेवा आयोगाचा. तिथे ९०० पैकी २०० गुण मुलाखतीला होते. न्यायालयाने हे प्रमाण जास्त ठरवलं आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाचं तेव्हाचं १२.२ टक्क्यांचं प्रमाण दाखवून दिलं. आज त्या आयोगाच्या परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास.

साडेतेरा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण हिशेब करू. समजा, मुलाखतीला आलेल्या बहुतेकांचे लेखी गुण एकमेकांपासून चाळीस-पन्नासच्या आत आहेत, कारण चाळणीतून गाळून सारखीच मुलं वर आली आहेत. मुलाखतीत मात्र एकाला ११० मिळतात, दुसऱ्याला २००. मग निकाल कोणी लावला? लेखी परीक्षा वर्षाच्या अभ्यासाची, आणि निवड अर्ध्या तासाची. म्हणून या टक्क्यांसाठी माणसं कोर्टात गेली, आणि म्हणूनच १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या क गटातल्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखत काढूनच टाकली.

या दरम्यान मानसशास्त्रज्ञही गप्प नव्हते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलाखतीतले गुण आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा किती मेळ बसतो, हे त्यांनी पाहिलं. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा मेळ ०.३८ निघाला, ठरवून बांधलेल्या मुलाखतीचा ०.५१. पूर्ण मेळ बसला तर तो आकडा १ असतो. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेबातली एक दुरुस्ती मांडली. आकडे खाली आले, मोकळ्या गप्पा ०.१९ वर आणि बांधलेली मुलाखत ०.४२ वर. बांधलेली मुलाखत म्हणजे काय? कामावरून काढलेले प्रश्न, सगळ्यांना तेच प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला आधी ठरवलेल्या कसोटीने गुण. कौटिल्याला हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं.

आता तयारीकडे वळू. आम्ही प्राध्यापक मंडळी निवड समित्यांवर टेबलाच्या त्या बाजूला बसत आलो आहोत, म्हणून आधी त्या बाजूची तयारी सांगतो. आपल्याकडे मुलाखतीचा पहिला प्रश्न कसा असतो? "आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कोणतं?" विचारणारा म्हणतो, अहो, पोराचं दडपण घालवायला विचारलं. पण महाराष्ट्रात आडनाव आणि गाव या दोन गोष्टींवरून काय ताडलं जातं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळतं, आणि सगळ्यात आधी त्या पोराला कळतं. त्याचं दडपण जात नाही, वाढतं. तेव्हा समितीने आदल्या दिवशी बसून कामाची यादी करावी, त्यावरून प्रश्न काढावेत, ते सगळ्यांना सारखे विचारावेत आणि गुण उत्तर संपताक्षणी ज्याने त्याने स्वतंत्र लिहावेत. याला पैसा लागत नाही.

आणि उमेदवाराची तयारी? तीन गोष्टी सांगू.

पहिली, या खोलीत काय दिसतं ते ओळखा. बोलणं, धीटपणा, प्रसंगावधान दिसतं. ते सरावाने येतं आणि त्याचा सराव करायलाच हवा. त्यात कमीपणा नाही. ज्यांच्या घरी तशा गप्पा चालत नाहीत त्यांनी मित्रांना समोर बसवून मोठ्याने उत्तरं द्यावीत. ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत बोला. केंद्रीय आयोगाच्या मुलाखतीला मुख्य परीक्षा मराठीतून देणारा उमेदवार मराठी निवडू शकतो. तो हक्क आहे, सवलत नव्हे.

दुसरी, जे या खोलीत दिसत नाही ते पुराव्याने आत आणा. मी कष्टाळू आहे, असं म्हणून काही कळत नाही. झालेल्या कामावरून अनुमान करू द्या. कोणतं काम होतं, अडचण काय आली, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. अशी स्वतःची पाच-सहा कामं नीट आठवून ठेवा, मग ते घरचं दुकान सांभाळणं असो की गावातलं वाचनालय. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला कोलमडतं. केलेलं काम दहाव्या प्रश्नालाही उभं राहतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. गोत्राचा प्रश्न आलाच तर? समजा, बीड जिल्ह्यातल्या एका मुलीला विचारलं, वडील काय करतात? ती ऊसतोड कामगारांच्या घरातली आहे. काही ठिकाणी शिकवतात, की 'शेती' म्हणून मोकळं व्हा. आपण म्हणू, सत्यकामासारखं सांगा आणि तिथे थांबू नका. "आई-वडील ऊसतोड करतात" एवढं साध्या आवाजात सांगितलं, की पुढे सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ आहे. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' का धरतात, मुकादमाकडून घेतलेली उचल कशी फिटत नाही, टोळी कारखान्याला गेल्यावर मागे राहिलेल्या पोरांच्या शाळेचं काय होतं, गावातलं हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं नाही तर कोणाची पोरं फडात जातात. उद्या तहसीलदार म्हणून तिला ज्या गोष्टी कळायला हव्यात, त्या तिला आजच माहीत आहेत. प्रश्न कुळाचा होता, उत्तर कामाचं झालं. यात लाज नाही आणि सहानुभूतीची याचनाही नाही. समितीत एकाला जरी ऐकायचे कान असतील तर त्याला ते कळेल. कोणालाच नसतील, तर त्या गुणांवरून मुलीची किंमत ठरत नाही. त्या समितीची तयारी किती होती एवढं ठरतं. हे आपण निकालानंतर घरोघरी सांगायला हवं, कारण मुलं ते गुण स्वतःच्या अंगाला लावून घेतात.

जाता जाता एक. खासगी नोकरीच्या मुलाखतीत शेवटी विचारतात, तुम्हाला काही विचारायचं आहे का? बहुतेक मुलं मान हलवून 'नाही' म्हणतात. तिथे बडोद्याचं १९१७ साल आठवा आणि विचारा. काम नक्की काय असेल, कोणाच्या हाताखाली, आधीचा माणूस का गेला, राहण्याची आणि येण्या-जाण्याची सोय काय, रात्रपाळी असेल तर मुलींना घरी कोण पोचवतं? मुलाखत म्हणजे भेट, आणि भेटीत विचारण्याचा हक्क दोघांनाही असतो. ते प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून काढा. तोही तयारीचाच भाग आहे.

आज इथेच थांबू.